सरासरीची तूट

नातवाच्या प्रगतिपुस्तकावर ‘ॲव्हरेज’ हा शेरा पाहून सूनबाईंचा चेहरा उतरला. आम्ही मात्र कोशाकडे वळलो. (निवृत्तांस दुसरे काय असते!)

शब्द मुळात अरबी, भूमध्य समुद्रावरील बंदरांतून युरोपात गेलेला. अर्थ, बिघडलेला माल. वादळात जहाज वाचविण्यासाठी कोणा एकाचा माल समुद्रात टाकावा लागला, तर ती तूट सर्वांनी वाटून घ्यावयाची. एकूण मोलाचा दहावा हिस्सा बुडाला, तर माल वाचलेल्यानेही शेकडा १० सोसावयाचे. सागरी विम्यात हा शब्द आजही या अर्थी चालतो. गणितातील सरासरी मागाहून आली. ‘स्टँडर्ड’ तर मूळचे रणातील निशाण!

त्या निशाणाचे शल्य आम्हां इंदूरकरांस जुने. पुण्याचे पाहुणे आमच्या मराठीस हसत आणि आम्ही ओशाळून शब्द बदलीत असू. पुढे मुलांशी हिंदीच बोलू लागलो, ते काहीसे त्याच संकोचापायी. आता नातू ‘आजोबा’ एवढे मराठीत म्हणतो, पुढचे सारे हिंदीत.

प्रगतिपुस्तकावर पालकांची सही हवी होती. सूनबाईंनी ते आमच्यापुढे सरकविले. आम्ही मराठीत सही केली. नातवाने विचारले, “आजोबा, ये क्या लिखा है?”