फिरकी घ्या, पाय नका ओढू!

'अगं, आय वॉज जस्ट पुलिंग युअर लेग!' हे वाक्य तुम्ही या आठवड्यात किती वेळा ऐकलंत? ऑफिसात चहा-कॉफीनंतर सर्वांत जास्त खपणारी वस्तू बहुधा हीच. गंमत म्हणजे हेच वाक्य शब्दशः मराठीत आणून बघा. 'मी तुझे पाय ओढत होतो.' झाली ना पंचाईत? इंग्रजीत पाय ओढला की मस्करी, मराठीत पाय ओढले की प्रमोशन गेलंच समजा!

उलटंही होतं. 'टेकन फॉर अ राइड' ऐकून वाटतं, कुणीतरी मस्त लोणावळ्याला फिरवून आणलं. प्रत्यक्षात त्या बिचाऱ्याला चक्क टोपी घातलेली असते. 'पुलिंग द वूल ओव्हर युअर आइज' म्हणजे आपली धूळफेक. तिकडे डोळ्यांवर लोकर, इकडे डोळ्यांत धूळ. हवामानाचा फरक, दुसरं काय!

मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली. कापूस, तूर, हरभऱ्याच्या मुलखातली. त्यामुळे 'हरभऱ्याच्या झाडावर चढवलं' म्हटलं की मला हसूच येतं. पुण्यातल्या मित्रमैत्रिणींना तिथे खरंखुरं झाड दिसतं. अहो, हरभऱ्याचं रोप जेमतेम गुडघ्याएवढं! ज्याला चढवलं तो जमिनीवरच असतो, हीच तर फिरकी. आणि 'हातावर तुरी देणारे' प्रत्येक टीममध्ये असतात. डेडलाइनच्या आदल्या दिवशी बरोबर ओळखू येतात.

पण थट्टेचा खरा क्लास आमच्याकडे भरतो तो पोळ्याला. श्रावणातल्या अमावस्येला सजवलेले बैल तोरणाखाली उभे राहतात आणि झडत्या सुरू होतात. झडती म्हणजे खड्या आवाजात म्हटलेल्या यमकदार, झोंबऱ्या ओळी आणि शेवटी महादेवाचा गजर. निशाण्यावर कोण? सावकार, व्यापारी, पुढारी, सरकार, कापसाचा भाव. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या जिल्ह्याचं नाव वर्षानुवर्षं बातम्यांत आलं, तिथे ही थट्टा म्हणजे नुसता टाइमपास नाही. ज्याच्यासमोर वर्षभर मान खाली घालून उभं राहायचं, त्याला एक दिवस सगळ्या गावादेखत चार शब्द सुनावता येतात. आणि त्याला ते ऐकून घ्यावे लागतात.

पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत मात्र वेगळाच पोळा होता. माझ्या 'मले-तुले'ची, 'करून रायली'ची रोज नक्कल व्हायची. माझा चेहरा पडला की लगेच 'चिल यार, गंमत केली!' हळूहळू मीटिंगमध्ये मी तोंड उघडणंच कमी केलं. ॲप्रेझलमध्ये शेरा आला, 'शी इज टू क्वाएट.' घ्या! बॉसच्या इंग्रजीची नक्कल मात्र कुणीच करत नव्हतं. खरं तर तिथे मटेरियल भरपूर होतं.

तेव्हा झडती आठवली. ती खालून वर जाते. ऑफिसातलं बरंचसं 'किडिंग' वरून खाली येतं. शब्द तेच, हसणंही तेच, पण एकाला मोकळं वाटतं आणि दुसरा गप्प होतो.

मग एका लंचला मी अख्खा किस्सा वऱ्हाडीत सांगितला. मधेच माझी नक्कल करणाऱ्याचीही फर्मास नक्कल केली. टेबल क्षणभर शांत! मग सगळे खो-खो हसले, तोही हसला. दुसऱ्या दिवशी त्यानेच विचारलं, 'काऊन'चा नेमका अर्थ काय गं?

तेव्हा मंडळी, एक सोपी टेस्ट. फिरकी टाकायची तर समोरच्याच्या हातात बॅट आहे ना, ते आधी बघा. तुम्ही जे त्याला म्हणालात, तेच तो तुम्हाला म्हणू शकेल का? हो असेल, तर खुशाल टाका. नाही असेल, तर 'जस्ट किडिंग' म्हणून ते गोड होत नाही.

आमच्या टीममध्ये आता कुणी जास्तच ताणलं की बाकीचे एका सुरात विचारतात, 'काऊन बे, मजाक करून रायला का?' हा नियम बॉसलाही लागू आहे.