दुधातला वारसा

पावसाळा सरता सरता कांकेरकडची सीताफळे रायपुरास येऊ लागतात आणि बीरगांवच्या बाजारातही टोपल्या मांडल्या जातात. याच फळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळून पुण्याच्या एका तरुणीने १९४३ साली एम. एस्‌सी. केले, हे वाचल्यापासून त्या टोपल्यांपाशी आमचे पाऊल अंमळ रेंगाळते.

त्या कमल रणदिवे. जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा. माहेरचे आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टराच्याच घरी जावे, ही त्यांची मनीषा. मुलीने वनस्पती धरल्या आणि लग्न केले ते एका गणितज्ञाशी. पुढे मुंबईस डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली १९४९ साली डॉक्टरेट, मग बाल्टिमोरला जाऊन पेशी काचपात्रात वाढविण्याची विद्या, आणि परतल्यावर भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात तशी प्रयोगशाळा. १९८२ चे पद्मभूषण वगैरे तपशील कोशांत मिळतात. आम्हांस ओढ आहे ती उंदरांची.

स्तनाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, अशी उंदरांची घराणी प्रयोगशाळांत जोपासली जात. अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ साली दाखविले की, अशा घराण्यातील पिले जन्मतःच निरोगी घराण्यातील मादीच्या अंगावर पाजली, तर रोगाचे प्रमाण पुष्कळ घटते. रक्तातून आले असे वाटत होते ते दुधातून येत होते. आणि दुधात होता तो एक विषाणू. आनुवंशिकता, संप्रेरके आणि हा विषाणू यांचा परस्परांशी संबंध काय, याचा शोध कमलताईंनी वर्षानुवर्षे घेतला. अशा कामात प्रत्येक उंदराचा कुलवृत्तांत ठेवावा लागतो. आपल्या कुलवृत्तांतांत लेकीसुनांना जेमतेम एक ओळ मिळते. येथे मात्र कोणाची आई कोण आणि कोणी कोणाला पाजले, यावाचून पान उलटत नाही. पुढे असेही उमगले की, हा विषाणू आपली प्रत उंदराच्या गुणसूत्रातच गुंफतो, आणि ती बीजपेशीत शिरली तर पिलांना दुधावाचूनही वारशाने मिळते. गुणसूत्रांपासून निघालेली वाट फिरून गुणसूत्रांपाशीच आली, याची आम्हांस मोठी मौज वाटे.

ती मौज एकदा जड झाली. शेजारच्या घरी बाळंतपण झाले. बाळंतिणीची आई याच रोगाने गेलेली. तेव्हा सासूने निकाल दिला की, मुलीला अंगावर पाजावयाचे नाही, दुखणे दुधातून उतरेल. ती पोर दूध पिळून मोरीत टाकी आणि तान्ही वाटी-चमच्याला तोंड लावीत नसे. ‘‘भैया, तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा,’’ असे म्हणून सासूबाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

उंदरांची हकीकत सांगितली असती, तर त्यांचा निकाल कायमच झाला असता. आम्ही ती सांगितली नाही. माणसात हा रोग आईच्या दुधातून उतरतो असे सिद्ध झालेले नाही, हे सांगितले. उलट पाजणाऱ्या आईलाच त्यापासून थोडे संरक्षण मिळते. २००२ साली अनेक देशांतील माहिती एकत्र करून काढलेला हिशेब असा की, स्तनपानाच्या दर बारा महिन्यांमागे धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो. सासूबाईंना टक्क्यांशी कर्तव्य नव्हते. त्या म्हणाल्या, ‘‘दुधातून नाही, तर मग येतो कोठून?’’

दाराआड सून उभी होती. दुधाला निर्दोष ठरवावे, तर बोट बीजाकडे वळते. हा रोग बहुतेकींना वारशाने येत नाही. पण काही थोड्या घराण्यांत तो जनुकातून येतो. तसे एक जनुक १९९४ साली हाती लागले, आणि त्यातील दोष आईबापांपैकी एकाकडून मुलात उतरण्याचा संभव निम्मा. हे आम्ही शक्य तितक्या सावकाश सांगितले.

‘‘म्हणजे मला आधीच मिळाले असेल,’’ सून आतून म्हणाली.

असेल किंवा नसेल, तपासून घ्यावे लागेल, इतकेच आम्ही म्हटले. सासूबाई उठून आत गेल्या. थोड्या वेळाने तान्हीचे रडे थांबले. पुढल्या महिन्यात सून रायपूरच्या एका रुग्णालयात स्वतःला दाखविण्यास गेली, मुलीला पदराखाली घेऊन. सोबत सासूबाई होत्या.