मागचं इंजिन

कर्जत आलं की माझी लेक खिडकीची जागा सोडते आणि माझा हात घट्ट धरून उभी राहते. गाडीच्या शेपटाला बँकर इंजिन लागतं तेव्हाचा धक्का तिला उभ्यानं अंगावर घ्यायचा असतो. "लागलं!" ती ओरडते. मग पुढचं इंजिन ओढतं, मागचं रेटतं, एकामागून एक बोगदे जातात आणि आमचं लोणावळं येतं.

श्रीलंकेहून परतताना मात्र कर्जत आलं तरी ती उठली नाही. माझ्या मांडीवर डोकं टेकून गाढ झोपली होती. दहा दिवसांत सहा वर्षांचं पोर शिणून गेलं होतं.

आमच्या ख्रिस्ती मंडळीतले आम्ही अकरा जण हॅटनकडच्या चहामळ्यांत सेवेसाठी गेलो होतो. इंग्रजांच्या काळात तमिळ मुलखातून नेलेल्या मजुरांची नातवंडं-पतवंडं तिथं राहतात, एकाला एक खेटून बांधलेल्या खोल्यांच्या लांबच लांब ओळींत. सकाळी शाळेच्या भिंती रंगवायच्या, दुपारी मुलांना गोष्टी सांगायच्या, संध्याकाळी उपासना. धुकं थेट आमच्या खंडाळ्याचं.

जायचं मनात आलं ते माझ्या. प्रार्थनेत बसले असताना हाक आल्यासारखं झालं आणि ती मनातून हलेना. नवरा म्हणाला, "तू निघालीस तर आपण सगळेच जाऊ." सासूबाईंनी मावळातला इंद्रायणी तांदूळ पिशवीत बांधून दिला, पोरीला तिकडचा भात रुचला नाही तर असावा म्हणून. पोरीला मात्र कुणीच काही विचारलं नाही.

तिसऱ्या रात्री उपासना लांबली. बाकावर पेंगत ती माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "आई, तुझं काम झालं की मला सांग." आणि कुशीवर वळून झोपली. गीत चालू होतं, माझा आवाज मात्र आतच राहिला. तुझं काम. आपलं नव्हे.

तेव्हापासून मला मनोरमा आठवते आहे, पंडिता रमाबाईंची लेक मनू. एप्रिल 1883 मध्ये रमाबाई पुण्याहून मुंबईला आणि तिथून बोटीनं इंग्लंडला गेल्या, तेव्हा मनू जेमतेम दोन वर्षांची होती. वडील बिपिनबिहारी मेधावी आदल्याच वर्षी गेलेले. ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून आईनं प्रवासाचे पैसे उभे केले होते. मुंबईची गाडी कर्जत-लोणावळ्यामधल्या याच बोरघाटातून उतरायची. 1863 मध्ये सुरू झालेल्या या घाटात 25 बोगदे होते, आणि खंडाळ्याखाली रिव्हर्सिंग स्टेशन. तिथं गाडी डोंगराच्या टोकाशी थांबायची, इंजिन सोडून दुसऱ्या बाजूला लावायचे आणि गाडी उलट्या दिशेनं निघायची. शेपूट होतं ते तोंड व्हायचं.

एप्रिलात रानात करवंदं धरलेली असतात. आईच्या मांडीवरून त्या लेकरानं काय पाहिलं असेल? सप्टेंबरात वाँटेजच्या मठात आईबरोबर तिचाही बाप्तिस्मा झाला. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या, तेव्हा मनू सोबत होती. पण आईला गावोगाव व्याख्यानं द्यायची होती, हिंदुस्थानातल्या विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा करायचा होता. त्याच वर्षी पाच वर्षांच्या मनूला वाँटेजच्या भगिनींकडे परत पाठवावं लागलं. 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडलं. त्या शाळेच्या पायात एका लहान मुलीचा आईवाचूनचा काळही आहे, हे आपण फारसं आठवत नाही.

मी रमाबाईंना दोष देत नाही. त्या नसत्या तर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या शेकडो मुलींच्या डोक्यावर छप्पर कुठून आलं असतं? पण बोलावणं एकाला येतं आणि प्रवास सगळ्या घराला घडतो, हे मला आता कळतं. मनोरमा मोठी झाली, परदेशी शिकली, परत आली आणि शारदा सदनाची मुख्याध्यापिका झाली. थकत चाललेल्या आईचा भार तिनं उचलला. 1921 मध्ये, चाळिशीतच ती गेली. 5 एप्रिल 1922 ला तिच्यामागून आई गेली.

आमच्या मुक्कामातली सातवी दुपार. मी भिंतीला दुसरा हात देत होते. खाली अंगणात लेक दोन मुलींबरोबर फतकल मारून बसलेली. पाच खडे. एक उंच उडवायचा, तो खाली यायच्या आत बाकीचे उचलायचे. सागरगोटेच ते! तिला तमिळ येत नव्हतं, त्यांना मराठी. एका मुलीनं तिची बोटं धरून ओंजळ नीट करून दिली. शिकवणारी ती मुलगी होती, शिकणारी माझी लेक. मी ब्रश हातात धरून बघत राहिले. रंग मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत आला.

लोणावळ्याला गाडी थांबली. मागचं इंजिन सुटलं तशी ती दचकून उठली.

"लागलं?"

"सुटलं गं. घर आलं."

तिचा चेहरा पडला. "मला उठवलं का नाहीस? मला विचारायचं तरी!"

फलाटावर पाऊस भुरभुरत होता. मी तिची पिशवी खांद्याला लावली. तळाशी खडे वाजले, पाचही.

"पुढच्या वेळी आधी विचारीन," मी म्हणाले.