पायी पायी : कंधार ते होट्टल

सोमवार. कंधार
लॉज ४५०. चहा-खारी ३०. सुतळी आणि प्लास्टिकचा कागद ६५. आठला निघायचं ठरवून पावणेअकराला निघालो. कागदाची गुंडाळी पाठीवर नीट बसत नाही. डाव्या टाचेला फोड.

निघण्याआधी क्षेत्रपालाचं पाऊल काढून झालं. राष्ट्रकूटांच्या काळातला हा अवाढव्य दगडी पुरुष आता तुकड्यांत उरला आहे. पाहणारा प्रत्येक जण मनातल्या मनात त्याला उभा करतो, मग उंचीवरून वाद. मी पाऊल काढलं आणि वरचा कागद कोरा ठेवला. मागे उभा असलेला पोरगा म्हणाला, "वरचा माणूस कुठंय?" नाही म्हटलं. "मग काढा की!" चित्रकलेच्या शिक्षकांनीही आयुष्यभर मला हेच सांगितलं.

मंगळवार. जांबच्या अलीकडे
चहा १०, चहा १०, केळी ३०, चहा १०. टाचेला पट्टी २०. रस्त्याचं काम चालू, तोंडात धूळ, डोळ्यांत धूळ, वहीतही धूळ. टाच. एका मारुतीच्या पारावर वीरगळ दिसला, पण त्यावर शेंदराचा इतका जाड थर की ठसा घेणं शक्यच नाही. तेल कागदातून आरपार येतं. नुसतं रेखाटन केलं, तेही वाईट. फोन बंद. झोपतो.

बुधवार. शेतात
आज येळवस. लातूरकडचा हा सण इकडच्या शिवारातही आहे. गावं सकाळपासून ओस, माणसं शेतात. मला ठाऊकच नव्हतं. बंद हॉटेलांना शिव्या घालत चाललो होतो. बांधावरून एका म्हातारीनं हाक मारली, "ओ दादा, कुठं चाललाव? येळवशीला वाटसरू उपाशी जाऊ नये."

कडब्याची कोप, आत पाच पांडव. पांडव म्हणजे चुन्यानं रंगवलेले पाच दगड. समोर आंबिलाचं मडकं, भज्जी, उंडे, खीर. भज्जी म्हणजे तेलातली भजी नव्हेत. तूर, हरभरा, वाटाणा, वालाच्या शेंगा, पालेभाज्या, सगळं बेसनात शिजवलेलं दाट कालवण. मी तीनदा घेतली. आंबील तर तांब्यानं प्यायलो.

जेवताना नजर पाचांतल्या मधल्या दगडावर गेली. बाकीचे चार ओढ्यातले गोटे, हा मात्र घडीव. ओल्या चुन्याखाली घोड्याचं पोट, त्याच्यापुढे ढालीची गोल कड. वीरगळाचा खालचा तुकडा. वीरगळ साधारण तीन मजली असतो. खाली झुंज, बहुतेकदा गाई सोडवण्यासाठी. मध्ये मेलेल्या वीराला अप्सरा वर नेतात. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतो आणि माथ्यावर चंद्रसूर्य. इथे फक्त झुंज उरलेली. स्वर्ग कुठल्या बांधात गेला कोण जाणे.

"हा कोण?" मी विचारलं.
"भीम," म्हातारी म्हणाली. "सासऱ्याच्या आधीपासून भीमच हाय."

चुना वाळेपर्यंत थांबलो. मग पातळ कागद लावून कोळसा फिरवला. पोट उमटलं, ढाल उमटली, आणि चुन्याच्या थरांची जी खरबरीत पापुद्री आली ती दगडापेक्षा ठळक. अभ्यासक म्हणेल चुना खरवडा. मला तर तो चुनाच हवा होता. दरवर्षी एक हात. किती जणींचे हात असतील त्यात.

कागद गुंडाळताना तिनं विचारलं, "कुणाचे म्हणायचे तुम्ही?" आजोबा मुखेडकडचे, म्हटलं, रझाकाराच्या साली पायी नांदेडला गेले, परत कधी आले नाहीत. का गेले, ते घरात कुणी बोललं नाही. तिनं खिरीची वाटी पुढं केली. "त्या साली लई जणं गेली. कुणी भ्यालं म्हणून, कुणी दुसऱ्याला भेववलं म्हणून. इचारू नये." आजोबा यांतले कोणते, हे माझ्या मनात येणार हे तिला बरोबर कळलं होतं.

खर्च शून्य.

गुरुवार. मुखेड
लॉज ५००. गरम पाणी नाही. टाच.

शुक्रवार. मुखेड
दशरथेश्वराच्या भिंतीवरच्या मातृका नाचतात. सप्तमातृका म्हटलं की एका ओळीत मांडी घालून बसलेल्या बायका डोळ्यांसमोर येतात. इथल्या उभ्या आहेत, पाय उचललेले. कुणाचा हात गेलाय, कुणाचं नाक. दिवसभर तिथंच बसून काढलं. हा संबंध प्रवासातला सर्वांत चांगला दिवस.

संध्याकाळी एका निवृत्त गुरुजींकडे गेलो. आजोबांचं आडनाव सांगितलं. त्यांना घर आठवलं, वाड्याची जागा आठवली, विहीर आठवली. पुढे विचारताच म्हणाले, "ते राहू द्या सर." सप्टेंबर १९४८ च्या आधी रझाकारांनी गावं लुटली, हे इथं शाळेत शिकवतात, १७ सप्टेंबरला झेंडा लागतो. पोलीस अॅक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, त्यासाठी सरकारनं पंडित सुंदरलालांची समिती पाठवली होती. सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत तिनं उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदरबरोबर नांदेडचंही नाव लिहिलं. तो अहवाल कित्येक दशकं दडून राहिला. गुरुजींना हे सारं माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. चहा मात्र आग्रहानं दोनदा पाजला.

विहीर पाहिली. बुजवली आहे, वर दुकानाचा गाळा. त्याच्या पायरीचा ठसा घेतला. दुकानदारानं हरकत घेतली नाही, फक्त "यात काय आलं?" विचारलं. पायरी आली.

शनिवार
चाललो.

रविवार. होट्टल
सिद्धेश्वराच्या आवारात ऊन खात बसलोय. कल्याणीच्या चालुक्यांचं हे काम इतकं नाजूक की माझा कोळसा त्याच्यापुढे ओबडधोबड वाटतो. इथं लेखही आहेत. श्रीनिवास रित्ती आणि शेळके यांनी १९६८ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या शिलालेखांचं पुस्तक काढलं, त्यातले बरेच लेख कन्नड. राजाचं नाव, दान किती, जमीन कुठली, सगळं आहे. कर्नाटकातल्या कितीतरी वीरगळांवर वीराचं नाव कोरलेलं सापडतं. आपल्याकडचे बहुतेक मुके. गाईंसाठी मेला त्याला नाव नाही, जमीन दिली त्याला आहे.

प्रदर्शनात चेहरे पुरे करून मांडा, असं एका मित्रानं फोनवर सुचवलं. नाही करणार. क्षेत्रपालाला पाऊलच राहील, भीमाला घोड्याचं पोट, आणि आजोबांच्या नावानं गाळ्याची पायरी. उरलेला कागद कोराच टांगायचा, चौकटीसकट.

वाचकांना एक विनंती. तुमच्या गावच्या पारावर, वेशीत, शेतात असा दगड असेल तर त्याला ऑइलपेंट लावू देऊ नका, शेंदूर-चुना चालतो. आणि गावातली म्हातारी माणसं त्याला काय नावानं हाक मारतात, ते मासिकाच्या पत्त्यावर कळवा. भीम असला तरी चालेल.