पडद्याखालचा माणूस

आज रात्री जिम हेन्सन यांच्या स्मरणार्थ त्यांच्या चाहत्यांनी सिद्ध केलेला पॉडकास्ट ऐकला. ज्यांना या बाहुलीकाराचे हयातीत एकदाही प्रत्यक्ष दर्शन घडले नव्हते, ती माणसे घरच्या वडीलधाऱ्याविषयी बोलावे अशा जिव्हाळ्याने बोलत होती, आणि विचार करता मला ते सर्वस्वी स्वाभाविक वाटले. 1955 साली आईच्या जुन्या कोटाचे कापड आणि पिंगपाँगच्या चेंडूची दोन शकले अशा साध्या सामग्रीतून त्यांनी केर्मिट हा बाहुला घडविला. हात त्याच्या मुखात घालून, तो मस्तकावर उंच धरून, स्वतः चौकटीच्या खाली राहून आणि समोरच्या पडद्यावर नजर खिळवून ते त्याला बोलते करीत, तेव्हा मुलांना दिसे तो केवळ केर्मिट.

16 मे 1990 रोजी, वयाच्या अवघ्या 53व्या वर्षी, ते निवर्तले. स्मरणसभेत कोणी काळा पोशाख करू नये, अशी इच्छा त्यांनी आधीच लिहून ठेवली होती. ती सभा न्यूयॉर्कच्या एका भव्य कॅथीड्रलमध्ये झाली; तेथे शोकाकुल जनांच्या हाती काठ्यांवरची रंगीत फुलपाखरे होती, आणि बिग बर्ड या पक्षीरूपी बाहुल्याने केर्मिटचेच गाणे म्हटले.

जो कलावंत आपल्या निर्मितीला पुढे करण्यासाठी आयुष्यभर स्वतःस झाकून घेतो, त्याचे ऋण प्रेक्षकांच्या दप्तरी सहसा नोंदले जात नाही. म्हणूनच, बालपणी ज्याला पाहिलेच नाही त्याचे नाव आज कृतज्ञतेने उच्चारणाऱ्या या चाहत्यांचे कार्य मला अत्यंत न्याय्य वाटते.