पांडा, बुद्ध आणि आईचे गुडघे



तुम्ही शिक्षक असाल तर हे तुमच्याही बाबतीत कधीतरी घडलं असेल. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्गात प्राण्यांच्या आहाराचा पाठ चालू होता. शाकाहारी, मांसाहारी आणि मिश्राहारी असे तीन रकाने मी फळ्यावर आखले होते. पांडा बांबू खातो म्हणून त्याला बिनधास्त पहिल्या रकान्यात टाकलं. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "बाई, मग पांडा गाईसारखा रवंथ करतो का?" घंटा व्हायला दोन मिनिटं होती, डब्याची गडबड सुरू झाली होती. मी "हो" म्हणाले आणि मोकळी झाले.

ते "हो" साफ चुकीचं होतं हे मला कळलं थेट चीनमध्ये, चेंगडू शहरात.

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त तिथे राहतो. मे महिन्याच्या सुट्टीत मी आईला घेऊन त्याच्याकडे गेले होते. त्याला रजा मिळेना, म्हणून त्याने आम्हा दोघींना एका दिवसाच्या सहलीत बसवून दिलं. सकाळी पांडा, दुपारी लेशानचा महाबुद्ध आणि रात्री घरी, असा कार्यक्रम. बारा-तेरा प्रवासी, एक छोटी बस, आणि हातात पिवळा झेंडा घेतलेली, इंग्रजी बोलणारी पंचविशीतली गाइड. मी आईला मराठीत सांगायचं आणि आईचे प्रश्न इंग्रजीत विचारायचे, असं दिवसभर चाललं होतं.

भल्या सकाळी निघालो. एवढी घाई कशाला, असं मला वाटलं. गाइड म्हणाली, पांडाला ऊन सोसत नाही. सकाळी खाणं मिळतं तेवढ्या वेळात तो बाहेर दिसतो, उकाडा वाढला की त्याला आत गार खोलीत नेतात, मग काचेतून फक्त झोपलेली पाठ बघायची.

चेंगडूच्या उत्तरेला हे पांडा संशोधन आणि प्रजनन केंद्र आहे. 1987 साली ते सुरू झालं तेव्हा तिथे जंगलातून वाचवून आणलेले फक्त सहा पांडे होते. त्यांना वाचवावं का लागलं, ही गोष्ट आईला फार पटली. 1980 च्या दशकात तिथल्या डोंगरांतल्या बांबूला एकाच वेळी फुलोरा आला. बांबू कित्येक वर्षांतून एकदाच फुलतो आणि फुलला की वाळून जातो. पांड्यांचं अन्नच संपलं, ते उपासमारीने मरू लागले. आई लगेच म्हणाली, "आमच्याकडेही म्हणायचे, कळकाला फूल आलं की दुष्काळ येतो." मी हे गाइडला सांगितलं तर ती आईकडे एकदम आदराने बघायला लागली. तोवर आईला ती बहुधा फक्त हळू चालणारी प्रवासी समजत होती.

आणि मग पांडा दिसला. तुम्ही चित्रात पाहिला असेल, मीही शंभरदा चित्र दाखवलंय. पण चित्रात आवाज नसतो. तो पाठ टेकून, पाय पसरून बसला होता आणि कडाकड बांबू फोडत होता. दातांनी वरची हिरवी साल सोलायची, ती बाजूला टाकायची, आतला गाभा चावायचा. ओटीवर बसून ऊस खाणाऱ्या आजोबांसारखा. बांबू धरायला त्याच्या पंजात अंगठ्यासारखं एक जास्तीचं बोट असतं. ते खरं बोट नाही, मनगटाचं एक हाड वाढून तयार झालेलं आहे. एवढ्या जवळून ते नीट दिसलं.

आईने विचारलं, "हा सारखा खातोच आहे, ह्याचं पोट भरत नाही का गो?"

मी गाइडला विचारलं, आणि उत्तर ऐकताना माझे कान गरम झाले. पांडा हा अस्वलाच्या कुळातला. त्याचं पोट आणि आतडी मांसाहारी प्राण्यासारखी, साधी आणि आखूड. गाईसारखे पोटाचे चार कप्पे नाहीत, त्यामुळे रवंथ नाही. खाल्लेल्या बांबूपैकी जेमतेम पाचवा हिस्सा अंगी लागतो, बाकी तसाच बाहेर पडतो. म्हणून तो दिवसातले दहा ते सोळा तास खात बसतो. बारा किलोपासून कधी कधी अडतीस किलोपर्यंत बांबू एका दिवसात. अंगात चरबीचा साठा होईल इतकं मिळतच नाही, म्हणून इतर अस्वलांसारखी हिवाळ्यात लांब झोपही नाही.

मला मागचा बाक आठवला. तो मुलगा आता आठवीत असेल, असा हिशोब मी तिथेच केला.

पुढे गेल्या वर्षी जन्मलेली पिल्लं होती. झाडावर चढायची, घसरून पडायची, पुन्हा चढायची. आमच्या पहिलीच्या वर्गाची मधली सुट्टी! नवजात पिल्लू मेमध्ये दिसत नाही, कारण पिल्लं साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये होतात. गाइडने फोटो दाखवला. गुलाबी, केस नसलेलं, जेमतेम शंभर ग्रॅमचं, म्हणजे एका मध्यम कांद्याएवढं. आई मात्र शंभर किलोची. बऱ्याचदा जुळी होतात, पण जंगलात आई एकाच पिल्लाला सांभाळू शकते. केंद्रातली माणसं मग एक पिल्लू उबेच्या पेटीत ठेवतात, दुसरं आईजवळ, आणि ठरावीक वेळाने अदलाबदल करतात. दोन्ही जगतात. अशा कष्टांनी आणि जंगलं राखल्याने संख्या सावरली. चीनच्या चौथ्या गणनेत जंगलात 1864 पांडे मिळाले, आणि 2016 मध्ये पांड्याला "संकटग्रस्त" यादीतून काढून "असुरक्षित" गटात घेतलं. मी अजून जुनंच शिकवत होते, तेही तिथेच लक्षात आलं.

तांबडा पांडाही तिथे आहे, मांजराएवढा, झुपकेदार शेपटीचा. नावात पांडा असला तरी तो अस्वलाच्या कुळातला नाही. हा आपल्या सिक्कीमचा राज्यप्राणी. मुलांना हे आवर्जून सांगा, त्यांना फार आवडतं.

दहा-साडेदहाला पांडे आत गेले आणि आम्ही बसमध्ये बसलो. लेशान तिथून दक्षिणेला, साधारण दोन तासांचा रस्ता. वाटेत जेवण. सोमवार होता, म्हणून आईला मासे-मटण चालणार नव्हतं. गाइडने बिचारीने धावपळ करून भात, भाजी आणि तिखट टोफू आणवला. आईने एक घास घेतला आणि थांबली. मला वाटलं, झालं, आता ही काही जेवत नाही. तर म्हणते कशी, "अगो, ह्यात तिरफळ आहे!" आम्ही कोकणातले. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ नसेल तर आईला ते जेवणच वाटत नाही. सिचुआनमध्ये जी मिरी वापरतात ती आणि आपलं तिरफळ एकाच जातकुळीतली झाडं आहेत. जीभ तशीच झिणझिणते. आई पोटभर जेवली. अख्ख्या सहलीत तिला परकं वाटलं नाही ते एवढ्या एका पदार्थामुळे, असं मला अजून वाटतं.

आता लेशानविषयी. मिन, दादू आणि चिंगयी अशा तीन नद्या जिथे मिळतात तिथल्या लाल वालुकाश्माच्या कड्यात ही मूर्ती कोरली आहे. बसलेला मैत्रेय बुद्ध, म्हणजे पुढे येणारा बुद्ध. उंची 71 मीटर, तेवीस मजली इमारतीएवढी. संगमावर पाण्याला एवढी ओढ होती की नावा फुटत, माणसं बुडत. हायथोंग नावाच्या भिक्षूने पाणी शांत व्हावं म्हणून 713 साली काम सुरू केलं. गोळा केलेला पैसा एका अधिकाऱ्याने मागितला तेव्हा "डोळा देईन, हा पैसा देणार नाही" असं म्हणून त्याने स्वतःचा डोळा काढून दिला, अशी आख्यायिका तिथे सांगतात. त्याच्या हयातीत मूर्ती पूर्ण झाली नाही. पैसे संपले, काम थांबलं, पुन्हा सुरू झालं. शेवटी वेइ काओ नावाच्या प्रांताधिकाऱ्याच्या काळात, 803 साली ते पुरं झालं. नव्वद वर्षं! आणि कोरताना निघालेला दगड नदीत पडून पडून तळ भरला व प्रवाह खरोखरच सौम्य झाला, असं म्हणतात. मूर्तीच्या केसांत, मानेजवळ, कानांमागे पावसाचं पाणी वाहून जायला चर आहेत, ते दिसत नाहीत. बाराशे वर्षं मूर्ती टिकली त्यात त्यांचा मोठा वाटा.

इतिहासाच्या पुस्तकातला युआन श्वांग तुम्हाला आठवत असेल, जो पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात आला होता. त्याने 622 साली भिक्षूची पूर्ण दीक्षा घेतली ती चेंगडूतच. तेव्हा हा कडा नुसता कडाच होता.

बसमधून उतरल्यावर गाइडने सांगितलं, वेळ कमी आहे, दोनपैकी एकच जमेल. बोटीने नदीत जायचं, तिथून पूर्ण मूर्ती समोर दिसते, पायऱ्या नाहीत. किंवा डोंगरावर चढून मूर्तीच्या डोक्यापाशी जायचं आणि कड्यात कोरलेल्या अरुंद जिन्याने पायापर्यंत उतरायचं, पण रांग मोठी आहे. आईच्या गुडघ्यांकडे बघत तिने "बोट" असं दोनदा म्हटलं.

आई म्हणाली, "एवढ्या लांब येऊन लांबूनच बघायचं? मला पायाशी जायचंय."

खरं सांगू? मी तिला बोटीतच बसवायला हवं होतं. दोन वर्षांपासून तिचे गुडघे दुखतात, डॉक्टरांनी जिने टाळायला सांगितलेत. पण बाबा गेल्यापासून आई कशासाठीच हट्ट करत नाही. हे खाऊ का, ते घेऊ का, तुझ्या सोयीने बघ, असंच तिचं चालतं. त्या दिवशी पहिल्यांदा ती "मला पाहिजे" म्हणाली. मी हो म्हटलं.

डोक्यापर्यंत ठीक गेलो. सात मीटरचा एक कान जवळून बघितला. मग जिना. एकावेळी एकच माणूस जाईल एवढा, वळणावळणाचा, उभा, आणि एकाच दिशेचा. दोनशेच्या वर पायऱ्या. एकदा रांगेत शिरलं की मागे फिरता येत नाही, हे मला आधी नीट कळलंच नव्हतं. साधारण निम्म्यावर आईचा उजवा गुडघा धरला. तिला पाऊल खाली टाकता येईना. मागे माणसांची ओळ, खाली नदी. आई कठड्याला घट्ट धरून उभी, चेहरा पांढरा. मी काय करून बसले, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बोलता मात्र काहीच येत नव्हतं.

आमच्या मागे आईच्याच वयाची एक चिनी बाई होती. तिने मला हाताने बाजूला केलं, आईच्या खांद्याला धरून तिला भिंतीकडे तोंड करून आडवं वळवलं आणि स्वतः उतरून दाखवलं. आधी दुखरा पाय, मग चांगला पाय, खेकड्यासारखं. एका पायरीवर दोन्ही पाय आले की थांबायचं. ती तिच्या भाषेत काहीतरी मोजत होती, आई मराठीत. मागची माणसं थांबली, कुणी ढकललं नाही. असं आम्ही खाली आलो.

पायाशी उभं राहिलं की बुद्ध दिसतच नाही, मित्रांनो. दिसतं ते अंगठ्याचं नख, त्याच्यावर चढलेलं शेवाळ आणि वर गुडघे. एका पंजावर शंभर माणसं बसतील असं म्हणतात, ते पटतं. पायांवर चढायला मनाई आहे. ऑगस्ट 2020 च्या पुरात पाणी ह्या बोटांपर्यंत चढलं होतं. आईने दुरूनच हात जोडले, पदर सावरला आणि त्या बाईला पिशवीतली खोबऱ्याची वडी दिली. तिने ती तिथेच खाल्ली.

परत वर चढून बसपाशी यायला आम्हाला पस्तीस मिनिटं उशीर झाला. सगळे खोळंबले होते, दोघं-तिघं चिडलेही होते, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. गाइड माझ्यावर रागावली, ते मी आईला भाषांतर करून सांगितलं नाही. रात्री भावाने ऐकलं तेव्हा तोही बोलला. आईला तीन दिवस पाय टेकवत नव्हता. मी तेल चोळत बसायचे. पुन्हा अशी वेळ आली तर मी काय करेन, मला सांगता येत नाही.

पूर्ण मूर्ती मी अजून पाहिलेली नाही. वर्गात दाखवते ते विकत घेतलेलं पोस्टकार्ड आहे.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मैदानावर चुन्याने सात मीटर लांबीचा कान आखला. उंची मोजायला मैदान पुरलं नाही, म्हणून कानच. माझा सबंध वर्ग त्यात बसला आणि तरी जागा उरली. गोंगाट ऐकून शेजारच्या हायस्कूलची दोन-चार मुलं कुंपणापाशी आली. त्यात तो होता, आता माझ्याहून उंच. मी त्याला बोलावून सांगितलं, "अरे, तू चौथीत विचारलं होतंस ना, पांडा रवंथ करतो का? मी हो म्हणाले होते. तो करत नाही. माझं चुकलं."

तो जरा गोंधळला. "बाई, मला आठवतच नाही." मग थोडं थांबून म्हणाला, "पण पोट मांसाहारी असेल, तर तो मांस का खात नाही?"

मला माहीत नव्हतं. "बघून सांगते," म्हटलं. शनिवारी सांगितलं. मांसाची चव ओळखायला लागणारं एक जनुक पांड्यात निकामी झालेलं आहे, शास्त्रज्ञांना सापडलेलं ते एक कारण. आणि कधीमधी एखादा उंदीर किंवा मेलेलं जनावर मिळालं तर तो खातोसुद्धा. आता फळ्यावर त्याला नेमकं कुठल्या रकान्यात लिहायचं, ह्यावर आमची दोघांची चर्चा अजून चालू आहे.