रकान्यात न मावणारं गवत

“काका, पाय जपून! तिथं मारवेल लावलंय.”

सोलापूरकडच्या एका जिल्हा परिषद शाळेमागच्या माळावर सहावीतल्या मुलीनं मला दटावलं, तेव्हा मी रोपं शोधत होतो. जुलै महिना, वनमहोत्सवाचे दिवस. खड्डे, आळी, आधाराच्या काठ्या हे आलंच. इथं पोरं उकिडवी बसून गवताची ठोंबं चिखलात दाबत होती.

१९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून माळ दिसला की आपले हात शिवशिवतात. मग मध्य अमेरिकेतली उंदीरमारी लावा, नाहीतर मादागास्करचा गुलमोहर. गुलमोहर मला आवडतो, पण त्यानं एस्टी स्टँडवर फुलावं. माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो, चंडोल गवताच्या बुंध्याशी घरटं करतो. माळावर झाडी दाटली की त्यांनी जायचं कुठं? याच जिल्ह्यात नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तरी गवताला पत मिळाली नाही ती नाहीच.

व्हरांड्यात पोरांनी दिवाळीनंतर गोळा केलेलं बी होतं. पवन्या, डोंगरी आणि एका डब्यात चक्क कुसळी! लहानपणी माळ तुडवून आलं की विजारीचे पाय कुसळांनी भरलेले असायचे. आई ओरडायची, आजी एकेक उपटत बसायची, आणि आम्ही त्यातलं एखादं पाटीवर ठेवून वर थुंकीचा थेंब सोडायचो. क्षणभर काही नाही. मग ते तपकिरी तूस अंग मोडल्यासारखं हलायचं आणि घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरू लागायचं. कुणाचं जास्त फिरतं यावर पैजा लागत. गोट्या, चिंचोके हातोहात फिरत. ओल लागली की त्याचा पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. दिवसभराच्या या उलटसुलट वळण्यातून सुईसारखं टोक मातीत घुसत जातं आणि टोकाशी असलेले उलटे केस त्याला मागं येऊ देत नाहीत. कुसळ स्वतःच स्वतःला पेरतं. मेंढ्यांच्या कातड्यातही ते असंच शिरतं, म्हणून मेंढके त्याला शिव्या घालतात. कोवळं असताना त्याच मेंढ्या ते मिटक्या मारत खातात.

पोरांनी कडेला चार बोरी आणि दोन हिवर ठेवलेत. तेवढे पुरेत.

गुरुजींची पंचाईत निराळीच. वृक्षारोपणाच्या तक्त्यात रकाने दोन: लावलेल्या झाडांची संख्या आणि जगलेल्या झाडांची संख्या. ठोंबं मोजायची की काड्या, यावर वर्गात दोन तट पडलेत. काड्या मोजा म्हणणारे जास्त आहेत, कारण मग तालुक्यात आपलीच शाळा पहिली येईल!